नावाचा नारळ

आरमोरी, ५ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

पत्र कामाचं आहे, म्हणून कामाचंच लिहिते. एम.ए.ले असताना आपण दोघींनी कुरखेडा-कोरचीकडच्या गावांत फिरून भुजलीचं नातं जोडलेल्या म्हाताऱ्या मैत्रिणींच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यावरचा लेख मी शेवटी लिहून काढला. इंग्रजीत. एका चांगल्या जर्नलचा मैत्रीवर विशेषांक निघून राह्यला आणि शेवटची तारीख ३० नोव्हेंबर आहे. अर्ध्या मुलाखती तुझ्या आहेत, म्हणून लेखावर दोघींची नावं पाहिजेत. हे उपकार नाई, नियम आहे.

सोबत लेखाची प्रत आणि सहलेखकाचा फॉर्म आहे. लेख वाच, काही चुकलं असलं तर पेनानं दुरुस्त कर, फॉर्मवर दोन्ही लेखिकांची नावं स्वतःच्या हातानं लिहून सही कर आणि स्पीड पोस्टानं पाठव. तुझ्या नावाची जागा मुखपृष्ठावर कोरी सोडली आहे. माहेरचं आडनाव लावते का सासरचं, ते मले माहीत नाई, म्हणून.

पत्ता तुझ्या आईनं दिला. दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेत भेटली. नातीचा फोटो दाखवला. तुझा नवा फोन नंबरही देऊन राह्यली होती, पण मी घेतला नाई. लेख काही फोनवर वाचून दाखवता येत नाई. पाकिटावर तुझ्या नवऱ्याचं, अश्विन गुरुजींचं नाव टाकलं आहे. जिवतीत मास्तरचं घर पोस्टमनले लवकर सापडते.

कळावे.

करिष्मा खोब्रागडे
समाजशास्त्र विभाग (तासिका तत्त्वावर)


आरमोरी, १३ नोव्हेंबर

पहिलं पत्र पोस्टात हरवलं असं समजून पुन्हा लिहून राह्यली. हरवलं नसलं तर मग तू उत्तर काऊन नाई दिलं, हे मी विचारत नाई.

या जर्नलवाल्यांनी डोकं खाल्लं माझं. अक्षर अमुकच पाहिजे, बाराच्याच आकाराचं. दोन ओळींत दुप्पट अंतर. प्रत्येक ओळीले नंबर. तक्त्यात उभ्या रेघा नको, आडव्या चालतील. संदर्भसूचीत आधी आडनाव, मग नावाचं एक अक्षर, मग टिंब, मग कंसात साल, मग पुन्हा टिंब. एक टिंब इकडचं तिकडं झालं की पोर्टल लेख वापस करते. बसस्टँडजवळचे लहानू भाऊ आठवतात ना, डीटीपीवाले? आपली एम.ए.ची प्रबंधिका त्यांनीच टाइप केली होती. ते काल म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं लग्नपत्रिका छापून राह्यलो, पण नवरदेवाच्या मामानंही एवढे नखरे नाई केले!"

आणि तुझ्या मुलाखती! बाई, तू सगळ्या त्या जुन्या फॉन्टात टाइप करून ठेवल्या. नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर पानभर कंस, टिंबं, इंग्रजी एबीसीडी. मले वाटलं गेलं सारं. लहानू भाऊंनी दोन दिवस बसून फॉन्ट बदलला, मग कुठी आपल्या आज्या बोलायले लागल्या. कोरचीच्या मनकर्णा आजी आठवतात? "भुजली मेली तवा म्या सुतक धरलं. सासू म्हने, तुही कोन लागते ते? म्या म्हनलं, लागत नाई कोनी, म्हनूनच त धरलं." त्याच्याखाली तू कंसात लिहून ठेवलं होतं, आजी इथे थांबल्या, मीही थांबली.

दुकानात बसून वाचलं मी ते. लहानू भाऊ म्हणाले, पंखा लावू का. मी म्हटलं, लावा.

सुरुवातीले लेखाचा सारांश द्यावा लागते, तोही असा की परदेशातल्या माणसाले समजला पाहिजे. आपल्याले जन्मापासून ठाऊक असलेली गोष्ट परक्याले सांगायले बसली तर कुठून सुरू करावं तेच समजेना. बारा वेळा खोडलं. शेवटी हे राह्यलं, मराठीत सांगते: श्रावणात टोपलीत गहू पेरून अंधारात ठेवतात. त्यांचे पिवळे कोंब म्हणजे भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या तळ्यात शिरवतात, म्हणजे विसर्जित करतात, तेव्हा दोन मुली एकमेकींच्या कानामागे कोंब खोचतात. तेव्हापासून त्या जन्मभराच्या मैत्रिणी, दोघीही एकमेकींच्या 'भुजली'. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. चुकून घेतलं, तर घेणारीने नारळ द्यायचा. नारळ दिला की नातं शाबूत. नाही दिला, तर संपलं.

एवढंच. वाचल्यावर तुले हसू येईल. मारकी म्हैस आठवेल. पाचवीत असू आपण. मी शेताच्या धुऱ्यावरून चालून राह्यली होती आणि तुमची ती म्हैस मागून आली. तू लांबून माझं नाव घेऊन किंचाळली. मी धानाच्या बांधीतल्या चिखलात उडी टाकली आणि वाचली. संध्याकाळी तुझी आई तुझा कान धरून आमच्या अंगणात हजर, तुझ्या हातात नारळ. माझी आई म्हणे, "अवो, पोरगी वाचली न माही, नारळ कायचा?" तुझी आई म्हणे, "ते वेगळं, हे वेगळं." मग चौघींनी बसून खाल्ला. माझे बाबा तेव्हा पेपर वाचून राह्यले होते. आम्ही बौद्ध, हे पेरणं-शिरवणं आमचं नाई, असं आधी त्यांनीच म्हटलं होतं. पण खोबऱ्यासाठी हात त्यांनीही पुढं केला.

असो. मुद्द्याचं सांगते. परीक्षकाले समजू नये कोणी लिहिला, म्हणून लेख बिननावाचा पाठवायचा असते. नावाचं पान वेगळं. लहानू भाऊ म्हणतात, दुसऱ्या मॅडमचं नाव सांगा, टाकून देतो. मी म्हटलं, राहू द्या, तिच्याकडून येईल.

फॉर्म पाठव.

करिष्मा


आरमोरी, १९ नोव्हेंबर

भुजली,

बघ, लिहिलं. दोन पत्रं 'भुजली' न लावता लिहिली, ते खुपत होतं.

इथी धानाची कापणी लागली. वर्गात अर्धी पोरं नाईत. मी रिकाम्या बाकांसमोर हजेरी घेते, परत येते, फाईल उघडते, बंद करते. आई म्हणते, "काय चाललं तुझं? पायाले भिंगरी लागली का?" बसली तर उठावं वाटते, उठली तर बसावं वाटते. कारण सांगते.

काल विभागप्रमुख सरांनी लेख वाचला. खूश झाले. म्हणाले, जानेवारीत कायम जागेच्या मुलाखती आहेत, हा विशेषांकात आला तर तुमचं काम झालंच समजा. मी म्हटलं, सर, सहलेखिकेची सही बाकी आहे. ते म्हणाले, "अहो, मग तिचं नाव काढा. नाही तर सही तुम्हीच करून टाका, कोण पाहते तिथं?" मी हो नाई म्हटलं आणि नाईही नाई म्हटलं. सात वर्षं तासिकेवर काढली मी. दर जूनमध्ये नवीन अर्ज. तुले माहीत आहे मले ती जागा किती पाहिजे.

पण अडलं तिथं नाई. अडलं शेवटच्या पानावर. निष्कर्षात आपण जे लिहिलं आहे, म्हणजे मीच लिहिलं आहे, ते असं: 'या नात्यात जात ताटापर्यंत पोहोचत नाही.' सर म्हणाले, वा, काय वाक्य आहे! आणि आज्यांनी सांगितलंही तेच होतं. कुणबिणीनं ढिवराघरी मासोळी खाल्ली, गोंडाच्या पोरीनं कुणब्याच्या चुलीजवळ बसून जेवण केलं. खोटं कोणीच नाई बोललं.

मग मीच खोटी का?

तुझ्या पोरीच्या बारशाले मी आली होती. पहाटे निघाली, चंद्रपूरले बस बदलली, गडचांदूरले बदलली, मग जिवतीचा घाट चढली. मांडीवर झबल्याची पिशवी. तुझ्या सासूनं दारातच विचारलं, "आडनाव काय, बाई?" मी सांगितलं. मी काऊन नाई सांगणार? त्या दारातून बाजूले झाल्या. पंगत बसली तेव्हा मले म्हणाल्या, "तुम्ही मागच्या पडवीत बसा, तिथी हवा आहे." तिथी गोठा होता. सगळ्यायले स्टीलची ताटं, मले कागदाची प्लेट. हवा खरंच होती, शेणाच्या वासाची.

आणि तू वरणाची बादली घेऊन दाराशी उभी. आपली नजर भेटली. मग तू बादलीत पाहायले लागली. वरणात काय होतं गं एवढं पाहण्यासारखं?

मी प्लेट तशीच ठेवली आणि पिशवी खाटेवर ठेवून निघाली. अंगणात असताना तू मागून नाव घेऊन हाक मारली मले. म्हशीनंतर पहिल्यांदाच. मी वळली नाई. बसमध्ये बसल्यावर मात्र एकच डोक्यात, तिनं नाव घेतलं, आता नारळ येईल. महिना पाहिली वाट. सहा महिने पाहिली. मग तुझा नंबर काढून टाकला. एवढा राग आला होता मले! तुझ्या सासूचा नाई. तिले मी ओळखत नाई.

मुखपृष्ठावरची कोरी जागा आडनावासाठी सोडली नव्हती. ते मी उगाच लिहिलं. तुझं नाव लिहिलं तर नारळ लागेल, आणि तो द्यायचा कोणाले, ते नातं आहे का नाई, हेच मले समजत नाई.

आता ऐक. ते वाक्य मी काढलं. त्याजागी नवीन परिच्छेद घातला आहे, सोबत आहे. त्यात आपलीच जोडी आहे, नाव-गाव नाई, 'जोडी बारा' एवढंच. एकीच्या सासरी दुसरीचं ताट वेगळं वाढलं गेलं, एवढी घटना. पुढं एक ओळ अशी आहे: 'यजमान मैत्रिणीच्या हे लक्षात आले नव्हते.' तशी ठेवली आहे. परक्या माणसांनी तुले नावं ठेवू नये, म्हणून.

आपल्या ओळखीच्या कोणी वाचलं तर तुले ओळखेल. म्हणून तुझी परवानगी पाहिजे. नाई म्हणशील तर परिच्छेद काढेन. पण मग लेखही काढेन, कारण ते जुनं वाक्य माझ्यानं पाठवणं होत नाई.

फक्त गप्प नको बसू. गप्प बसणं मी एकदा पाहिलं आहे.

भुजली


आरमोरी, ३० नोव्हेंबर

भुजली,

हे लहानू भाऊंच्या दुकानातून लिहून राह्यली. बाहेर धानाचे ट्रॅक्टर चालले आहेत, सगळ्या कीबोर्डवर धूळ.

सकाळपासून इथी आहे. तुझं काही आलं नाई. पोस्टात दोनदा जाऊन आली. पोस्टमास्तर म्हणाले, "मॅडम, नोकरीची ऑर्डर यायची आहे का?" मी म्हटलं, तसंच काही.

पोर्टलवर सगळं चढवलं. सारांश, पाच मुख्य शब्द, तक्ते, नकाशा. चोरी तपासायचं यंत्र चाललं तर त्यानं म्हटलं, तुमचा मजकूर एका जुन्या प्रबंधिकेशी जुळते. ती प्रबंधिका आपलीच! लहानू भाऊ पोट धरून हसले, "स्वतःच्या घरात चोरी, मॅडम!" त्याचाही खुलासा लिहून दिला. मग आलं लेखकांचं पान. दुसऱ्या लेखिकेचं नाव भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हतं ते. तांबडी चौकट, त्यात बोट रोवून बसल्यासारखी रेघ लुकलुकते.

सरांचा फोन आला. म्हणाले, "एकटीच्या नावानं करून टाका, वेळ चालला." लहानू भाऊंनी ऐकलं, पण ते दुसरीकडं पाहत राह्यले.

मग मी तुझं नाव टाइप केलं. माहेरच्या आडनावासकट. दहा वर्षांची असताना तळ्यावर कान पुढं केला तेव्हापासून लिहिलं नव्हतं. पडद्यावर पाहिलं तर वाटलं, ही कोण? मग वाटलं, हीच तर आहे.

नाव टाकलं, पण बटण नाई दाबलं. त्याखाली एक चौकोन आहे, त्यात खूण करायची असते की सर्व लेखकांनी अंतिम मसुदा वाचून मान्य केला आहे. ते मी कसं म्हणू? तू मान्य केलं का, मले कुठी माहीत आहे? सही मी करू शकली असती. तुझी सही मले येते, प्रबंधिकेच्या वेळी गंमत म्हणून गिरवली होती. पण तुझ्या तोंडून बोलायचं मले जमत नाई. तुझ्यासाठी एक ओळ बोलली, तीच डोक्यात टोचून राह्यली.

तारीख आज संपते. संपू दे. अंक जाईल, जानेवारीची जागा जाईल, सर आठ दिवस बोलणार नाईत. आईले काय सांगू ते मात्र समजत नाई. तिनं शेजारणीले सांगूनही टाकलं, पोरगी पर्मनंट होऊन राह्यली.

लहानू भाऊंनी कॉम्प्युटर बंद करायच्या आधी विचारलं, "जतन करू ना?" मी म्हटलं, करा.

भुजली


आरमोरी, ३ डिसेंबर

भुजले, अवो माझी बाई!

पोस्टमन आज कॉलेजात आला. स्टाफरूमच्या दारातूनच ओरडला, "खोब्रागडे मॅडम, नारळ पोस्टानं कोण पाठवते हो? खोक्यात गडगड वाजून राह्यले!" सगळे माझ्याकडं पाहायले लागले. विभागप्रमुख सरही. मी त्यांच्यासमोरच खोकं फाडलं.

वर तुझा फॉर्म. पहिल्या ओळीत तुझ्या हातानं लिहिलेलं माझं पूर्ण नाव. तुझं अक्षर अजूनही पोटातून वाकडं आहे. सही केलेली. त्याखाली तो परिच्छेद, आणि मी घातलेली ती एक ओळ तू खोडलेली. लक्षात आले नव्हते, यावर तुझी आडवी रेघ, एवढी दाबून की कागद फाटला. वरती तू लिहिलं: 'यजमान मैत्रिणीने हे पाहिले होते. ती गप्प राहिली. ती यजमान मैत्रीण या लेखाची दुसरी लेखिका आहे.'

पत्र नाई. खोक्यात शोधलं, भुशातही शोधलं. भुसा सगळ्या स्टाफरूमभर झाला. दुसरं काहीच नव्हतं, फक्त नारळ. दोन.

एक फॉर्मचा, नाव लिहिल्याचा. तो समजला लगेच. दुसरा हातात घेऊन मी उभीच. मग समजलं आणि माझं जे रडणं सुरू झालं ते थांबेना. तो अंगणातला होता. मी बसमध्ये बसून ज्याची वाट पाहिली, तो. जुना दिसते गं. शेंडी वाळून गेली, आतलं पाणी वाजत नाई. घेऊन ठेवला होता ना तू तेव्हाच? मग पाठवायले एवढा वेळ लावला! सासूच्या धाकानं का माझ्या, ते भेटल्यावर सांग.

सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, हे काय आहे?" मी म्हटलं, "सहलेखिकेची संमती आली, सर." ते म्हणाले, "पण तारीख तर गेली." मी म्हटलं, "हो, गेली."

संध्याकाळी लहानू भाऊंकडं गेली. नेहमीच्या अंकाची रांग असते, त्यात लेख लावला. वर्ष लागेल म्हणतात, जास्तही लागेल. तुझी ओळ इंग्रजीत जशीच्या तशी घातली, एक शब्द गोड नाई केला. पण मग लेख बिननावाचा राहते कुठं? दुसरी लेखिका, असं आतच लिहिलं आहे. नियमात बसते का नाई ते संपादक पाहतील. काढा म्हटलं तर आपण दोघी भांडू. चौकोनात खूण केली आणि बटण दाबलं. लहानू भाऊ म्हणाले, "आता पेढे!" मी म्हटलं, पेढे नाई, खोबरं. नवा नारळ दुकानाच्या पायरीवर फोडला. आईलेही नेऊन दिलं. जागेचं ऐकून ती रुसली होती, पण खोबरं पाहून म्हणाली, "कोणाचा?" मी म्हटलं, तिचा. मग तिनं मले जवळ बसवून घेतलं.

वाळलेला मात्र फोडला नाई. तो ठेवला आहे.

आता माझ्याकडं तुझा एक नारळ निघते, पोर्टलवर नाव लिहिलं त्याचा. पोस्टानं पाठवणार नाई. नाताळच्या सुटीत घेऊन येते, पोरीसाठी नवीन झबलंही आणते. जुनं आता तिले होणार नाई. सासूबाई दारात येतील आणि विचारतील, कोण आली. या वेळी मी तोंड उघडणार नाई. तू सांग, पूर्ण नाव घेऊन, आडनावासकट, साऱ्या गल्लीले ऐकू जाईल असं.

त्याचा नारळ मी मागणार नाई.

तुझी
भुजली